एक निर्दोष तारीख हवी आहे

त्या रविवारी महिपतराव गावंड्यांनी फक्त एक वाक्य बोलायचं ठरवलं होतं. मुलीच्या लग्नाच्या बोलणीत मुलीच्या बापाने कमी बोलावं, असं दुर्गाबाईंनी त्यांना सकाळपासून तीनदा बजावलं होतं. आता एक वाक्य म्हणजे कमीच की! पण महिपतरावांसारख्या माणसाने एकच वाक्य बोलायचं ठरवलं, तर ते निदान तारखेबद्दल तरी असू नये.

महिपतराव मूळचे अकोल्याकडचे. पिंपरीच्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात त्यांनी पंचवीस वर्षं काढली. कोण किती वाजता आला, कोण किती मिनिटं उशिरा आला, कोणाची आजी एका वर्षात दोनदा वारली, हे सगळं त्यांच्या जिभेच्या टोकावर असे. मग देशात उदारीकरण आलं, कारखान्यात हजेरीचं यंत्र आलं आणि महिपतरावांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. (स्वेच्छा कारखान्याची, निवृत्ती महिपतरावांची.)

घरी बसल्यावर त्यांच्या ताब्यात दोनच गोष्टी उरल्या. एक म्हणजे विश्रांतवाडीतल्या त्यांच्या सोसायटीच्या फाटकाजवळचा फळा, आणि दुसरी, त्या फळ्याला रसद पुरवणारी डायरी. ही जाडजूड डायरी कारखान्याने त्यांना १९७३ साली दिली होती. प्रत्येक तारखेला एक पान. जगात त्या दिवशी आजवर जे जे घडलं, ते महिपतराव वर्तमानपत्रांतून, वाचनालयातून, प्रसंगी भेळेच्या कागदावरून टिपून त्या त्या पानावर लिहीत. चांगल्या घटना हिरव्या शाईने, वाईट घटना लाल शाईने. पंचवीस वर्षांत ती डायरी इतकी फुगली होती, की तिला पायजम्याची नाडी बांधून ठेवावी लागे. पानं बहुतेक लाल झाली होती, त्याला महिपतरावांचा इलाज नव्हता. जगच तसं वागलं होतं.

रोज सकाळी साडेसहाला ते फळा ओल्या फडक्याने पुसत आणि सुवाच्य अक्षरात 'आजचा दिनविशेष' लिहीत. सोसायटी तो वाचायची ती पाणी कधी येणार हे बघायला. बारा जुलैला महिपतरावांनी 'पानशेतचे धरण फुटले, १९६१' असं लिहिलं, तेव्हा दुपारपर्यंत कोणीतरी त्याखाली लिहून गेलं : 'आणि आज आमच्या नळाला थेंब नाही. – बी विंग.' महिपतराव आठवडाभर हस्ताक्षरं तपासत फिरले.

पण या सगळ्या तारखांत त्यांच्या काळजाची तारीख एकच : सहा जून. १६७४ सालच्या सहा जूनला रायगडावर राज्याभिषेक झाला आणि १९७४ सालच्या सहा जूनला, बरोबर तीनशे वर्षांनी, महिपतरावांना मुलगी झाली. हा योगायोग त्यांनी प्रसूतिगृहातच डॉक्टरीणबाईंना साल-तारखेसकट समजावून सांगितला होता. त्यावर बाई "बाहेर बसा" एवढंच म्हणाल्या होत्या. त्यानंतर तो रेशनच्या दुकानात, पीएमटीच्या कंडक्टरला, शाळेतल्या प्रत्येक वर्गशिक्षिकेला आणि एकदा चुकून लागलेल्या फोनवरच्या माणसालाही सांगून झाला होता. सहा जून चौऱ्याहत्तर ही तारीख माहीत नसलेला माणूस महिपतरावांच्या ओळखीत नव्हता.

ती मुलगी, उत्कर्षा, आता एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिथेच तिला पृथ्वीराज म्हस्के भेटला. पृथ्वीराजचे वडील आप्पासाहेब हे विश्रांतवाडीचेच जुने जमीनदार. गाव पुण्यात गेलं, शेतात इमारती उगवल्या आणि आप्पासाहेबांनी बैलगाडीच्या जागी मोठी पांढरी जीप घेतली. गावंड्यांची सोसायटी उभी होती ती जागासुद्धा एके काळी त्यांचीच.

"तुमचा त्यो फळा हाय न्हवं," बोलणीला आल्या आल्या आप्पासाहेब म्हणाले, "तितं आमची हीर व्हती. ग्वाड पानी."

महिपतरावांनी मान डोलावली. एकच वाक्य बोलायचं असल्यामुळे ते जपून होते.

बोलणी कसली, पोरांनी सगळं आधीच ठरवलं होतं. मानपान नाही, देणंघेणं नाही. पत्रिकेचा विषय निघाला तेव्हा महिपतरावांनी फक्त हात उंचावून तो थांबवला. ग्रह, तारे, शुभ, अशुभ यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ('माणसाचे भविष्य त्याच्या मनगटात असते' हे ते फळ्यावर वर्षातून चारदा लिहीत.) पृथ्वीराजच्या आई विजयमालाबाईंनी एवढाच आग्रह धरला की तारीख मात्र गुरुजींकडून काढायची. घाईही होती. सन दोन हजार उजाडताच जगातले सगळे कॉम्प्युटर तारखा विसरणार म्हणे, आणि त्यांना त्या परत शिकवायला पृथ्वीराज पंचवीस मेला अमेरिकेला निघणार होता. तो परत कधी येईल याचा नेम नव्हता. त्यातून सोळा मेपासून धोंड्याचा महिना लागत होता, म्हणजे लग्नकार्य बंद.

विजयमालाबाईंनी गुरुजींची चिठ्ठी काढली. "पैली तारीख अकरा मार्च."

आणि महिपतराव आपलं वाक्य बोलले.

"अकरा मार्चला संभाजीराजांचं बलिदान झालं."

आप्पासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "बराबर हाय. त्या दिशी आपन वाजंत्री लावायची न्हाय. तुमी लई मोठं काम केलं व्याही, न्हायतर आमच्या हातनं पाप झालं असतं."

घात झाला तो इथे. पंचवीस वर्षं फळ्यावर लिहून महिपतरावांना अशी दाद कधी मिळाली नव्हती. ते उठले, आतून डायरी आणली आणि तिची नाडी सोडली. दुर्गाबाईंनी कपाळाला हात लावला.

दुसरी तारीख अठ्ठावीस एप्रिल. "थोरले बाजीराव गेले, सतराशे चाळीस." आप्पासाहेबांनी "व्हय का?" म्हणून तीही सोडली, पण या वेळी टोपी डोक्यावरच राहिली. तिसरी पंधरा एप्रिल.

"टायटॅनिक बुडाली. एकोणीसशे बारा."

"कुनाची व्हती?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"इंग्रजांची."

"मग बुडंना का!"

"अहो, पहिल्याच प्रवासात बुडाली. पहिल्याच!" महिपतराव बोटाने पान ठोकत म्हणाले. "आणि ही दोघं संसाराच्या पहिल्याच प्रवासाला निघणार."

उत्कर्षा म्हणाली, "बाबा, पृथ्वी विमानाने जाणार आहे." पण तोपर्यंत त्यांनी पान उलटलं होतं.

त्या दिवशी तारीख ठरली नाही. गुरुजींनी आणखी चार तारखा पाठवल्या. महिपतरावांनी फोनवरून त्या चारही तारखांचा निकाल लावला. सव्वीस एप्रिलला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. ("तितं आपलं कोन व्हतं?" आप्पासाहेबांनी पलीकडून विचारलं.) चार मेला श्रीरंगपट्टण पडलं. पाच मेला नेपोलियन वारला, आणि तोही बेटावर, एकटा, बायकोपासून लांब. पृथ्वीराज परदेशी निघालेला असताना हे कसं चालावं? वीस एप्रिलला तर कोणी मेलंसुद्धा नव्हतं. पण त्या दिवशी हिटलर जन्मला होता, आणि पुढे वर्षभरात बरोबर त्या तारखेला नातू झाला तर त्याला काय म्हणून हाक मारायची?

"अहो, पण एक मे आहे की," पृथ्वीराजने सुचवलं. "महाराष्ट्र दिन. हिरव्या शाईतला."

"राष्ट्रीय कार्याच्या दिवशी घरगुती कार्य? लोक झेंड्याला जातील की अक्षता टाकायला येतील?"

"दहा मे?"

"अठराशे सत्तावन्नचा उठाव. दिवस तेजस्वी आहे, मी नाही म्हणत नाही. पण लग्नाच्या दिवशी उठाव बरा नव्हे."

गुरुजी पंचांग मिटून विजयमालाबाईंना म्हणाले, "ताई, मी पस्तीस वर्षं मुहूर्त काढतोय. आमच्या पंचांगात वर्षाला पन्नास-साठ दिवस तरी बरे निघतात. या गृहस्थांकडे एकही नाही. आणि वर अंधश्रद्धाळू आम्ही."

शनिवार पेठेतल्या मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक गोपाळकृष्णपंत यांचाही अनुभव निराळा नव्हता. त्यांच्या टेबलामागे पाटी होती : 'तारीख ठरवून या. ठरवायला येऊ नका.' शेजारी सभागृहात सूचना देण्याचा माइक असे, आणि समोर माणूस बसलेला असला तरी पंतांना त्याच्याशी माइकवरून बोललेलं जास्त आवडे. महिपतराव तिथे तीनदा गेले. तीनदा तारीख धरली आणि तीनदा सोडली. तिसऱ्यांदा ते चेर्नोबिलबद्दल सांगायला लागले, तेव्हा पंतांनी रजिस्टरमधून मान न काढता म्हटलं, "तारीख सांगा, कारण नको. आमच्याकडे वर्षाला दोनशे लग्नं लागतात. स्फोट सगळीकडेच होतात, पण नंतर."

एप्रिल उजाडला. उत्कर्षा वडिलांशी बोलेनाशी झाली. आधी ती भांडायची ते बरं होतं. "बाबा, आपल्याला डेट फिक्स करायचीये, हिस्ट्रीचा पेपर नाही द्यायचाय!" असं ओरडायची. "पृथ्वी तिकडे जाऊन अख्ख्या बँकेच्या लाखो डेट्स नीट करणारे, आणि इथे त्याला स्वतःला एक मिळत नाहीये!" आता ती ऑफिसातून यायची, जेवायची आणि खोलीचं दार लावून घ्यायची. एकदा पाणी प्यायला उठलेल्या महिपतरावांना दाराआडून तिचं रडणं ऐकू आलं. ते पाणी न पिताच परतले. खरं सांगायचं तर त्यांना लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून टायटॅनिक थोडीच वर येणार होती?

आणि मग एका शनिवारी सकाळी आप्पासाहेब एकटेच आले. चहाला नको म्हणाले. महिपतरावांच्या हातातल्या डायरीकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसले.

"व्याही, म्या तुमचं लई ऐकलं. मानूस शिकल्यालं हाय म्हनून ऐकलं. पर आता घरात बाया मला हसत्यात. हिच्या भावानं सासवडची एक पोरगी दावलीया, फोटू कपाटात ठिवलाय. पोरगं आयकत न्हाय, पर एकदा का इमानात बसलं, मंग कोन कुनाचं? बुधवारपतूर तारीख द्या. न्हायतर आमी मोकळं, तुमी मोकळं."

गेले. जाताना फाटकाशी थांबून त्यांनी फळ्यावरचा दिनविशेष वाचला आणि आपल्या विहिरीच्या जागेकडे बघून मान हलवली.

दुपारभर महिपतराव डायरी घेऊन बसले. गुरुजींच्या यादीतल्या तारखा पुन्हा पहिल्यापासून. पान पान लाल. युद्ध, वध, स्फोट, तह, दुष्काळ. जिथे लाल नव्हतं तिथे हिरवं इतकं थोर होतं, की त्याच्या शेजारी बँडबाजा लावायची हिंमत होईना. दर पान उलटताना त्यांच्या मनात एक विचार डोकं वर काढत होता आणि ते त्याला परत खाली दाबत होते. तारीख ठरली की मुलगी जाणार. कारखाना गेला, आता ही जाणार. मग सकाळी साडेसहानंतर उरलेल्या दिवसाचं करायचं काय? इतिहास बिचारा निमित्ताला होता. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण कबूल कोणापाशी करायचं?

दुर्गाबाई दारात उभ्या होत्या. पंचवीस वर्षं पुण्यात काढूनही त्यांची बोली अकोल्याहून पुढे सरकली नव्हती.

"बारा मे पाह्यला काय?" त्यांनी विचारलं.

"गुरुजींच्या यादीत नाही बारा मे."

"मी इचारून आली गुरुजीले. गोरज मुहूर्त हाय म्हन्ते. बुधवार हाय, म्हनून हॉलबी रिकामा हाय. त्या पंताले सांगून आली का धरून ठेवा म्हनून. तुमी पान तं उघडा."

महिपतरावांनी नाइलाजाने पान उघडलं आणि बघतच राहिले.

पान कोरं होतं!

एक अक्षर नव्हतं. ना लाल, ना हिरवं. खालच्या कोपऱ्यात एक पिवळा डाग तेवढा होता, बहुधा पोह्यांचा असावा. महिपतरावांनी चष्मा पुसला. पान उजेडाला धरलं. मागचं पान रक्तबंबाळ, पुढचं पान गच्च, आणि मध्ये हे शुभ्र, निष्पाप, निर्दोष पान. दरवर्षी मेच्या पहिल्या पंधरवड्यात ते अकोल्याला जात असत, त्यामुळे बारा मेचा फळा लिहायची वेळच कधी आली नव्हती.

"दुर्गा!" ते ओरडले. "अगं, या दिवशी जगात काहीही घडलेलं नाही! साधी चकमकसुद्धा नाही! पंचवीस वर्षांत मला एक गोष्ट सापडली नाही, एकसुद्धा!"

दुर्गाबाई दोन क्षण त्यांच्याकडे पाहत राहिल्या. "बरं झालं," म्हणाल्या आणि कुकर लावायला आत गेल्या.

उत्कर्षाने त्या संध्याकाळी वडिलांना मिठी मारली. ती सोडताना महिपतरावांनाच जरा वेळ लागला.

त्यानंतरचा महिना महिपतराव हवेत होते. बारा मेचं कौतुक सांगताना त्यांची जीभ थकत नसे. निमंत्रणपत्रिकेत 'इतिहासाने राखून ठेवलेल्या या निष्कलंक दिवशी' असे शब्द त्यांनी छापून घेतले. छापखानेवाल्याने 'नक्की?' असं विचारलं, त्यावर महिपतरावांनी त्याला डायरीचं पान दाखवलं. एसटी स्टँडवर गाडीतून उतरलेल्या अकोल्याच्या पाहुण्यांना रिक्षात बसवता बसवता त्यांनी तेच सांगितलं. दुर्गाबाईंचा भाऊ श्याम त्यावर काही बोलायला गेला, पण बहिणीने डोळे वटारले तेव्हा तो रिक्षाबाहेर बघू लागला.

बारा मे उजाडला. संध्याकाळी शनिवार पेठेतलं कार्यालय भरलं. एका बाजूला अकोल्याची मंडळी, दुसऱ्या बाजूला फेटे बांधलेले म्हस्के, आणि मधल्या रांगेत गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच ठेवून आलेली सॉफ्टवेअरची पोरं. पंतांच्या माइकवरून सूचना चालूच होत्या. "अक्षता टाकायच्या असतात, मारायच्या नसतात." "चपला आपापल्या घालून जाव्यात." मंगलाष्टकं झाली, अंतरपाट दूर झाला, वाजंत्री वाजली. उत्कर्षाने हार घातला तेव्हा महिपतरावांचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला म्हणून ते शेजारच्या विजयमालाबाईंकडे वळले.

"विहीणबाई, भाग्य बघा. आजच्या दिवशी आजवर काहीही म्हणजे काहीही घडलेलं नाही. आपल्या पोरांचं लग्न ही बारा मेची पहिली घटना."

विजयमालाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. हा माणूस चेष्टा करतोय की काय, हे त्यांना ठरवता येईना.

"आवं, असं कसं?" त्या म्हणाल्या. "श्यामभाऊंनी मगाशीच सांगितलं मला. मंग आमच्या ईनबाईंचं लगीन आजच्या दिशी कुनासंगं झालं व्हतं?"

वाजंत्री चालू होती. महिपतरावांना ती ऐकू येईनाशी झाली.

त्यांनी वळून पाहिलं. स्टेजच्या कडेला दुर्गाबाई मोतीचुराची ताटं मोजत उभ्या होत्या. अंगावर श्यामने आणलेली नवी जांभळी साडी होती. ती साडी कसली, हे विचारावं असं महिपतरावांना सकाळी सुचलंच नव्हतं. ते गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी गेले.

"दुर्गा, आज... आपलं..."

"हो," ताटांवरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "बारा, तेरा, चौदा..."

"आणि तुला हे माहीत असून तू मला पान उघडायला लावलंस?"

"मंग काय करू? पोरीचं लगन मोडू देऊ?" आता त्यांनी वर पाहिलं. "साऱ्या जगाच्या तारखा तुमच्या डोक्शात. म्या म्हटलं, एकच तारीख अशी हाय का तिथं या माणसाले काईच आठवनार नाई. तेच पान साफ असन. निघालं का नाई साफ?"

महिपतराव चष्मा काढून पुसायला लागले.

"अन् थे पान कोरं काऊन राह्यलं, थेबी इसरले तुमी. नवी डायरी आनली तवा तुमीच म्हटलं होतं, या पानावर दुसरं काई लिहाचं नाई, हे आपलं. म्या हळदीचं बोट लावलं होतं कोपऱ्यात."

"मी समजत होतो पोहे..."

"मले मालूम हाय," दुर्गाबाई म्हणाल्या आणि पुन्हा ताटं मोजायला लागल्या. पंधरापासून.

पंचवीस वर्षं लोकांना झालेला उशीर टिपणारा हा माणूस त्या क्षणी मनातून पार खचला. नेपोलियन बेटावर एकटा मेला याचं त्याला दुःख होतं, आणि इथे एक बाई एका पिवळ्या डागावर अख्खा संसार काढून बसली होती. काहीतरी करायला हवं होतं, आत्ताच्या आत्ता, चारचौघांत. आणि महिपतरावांना चारचौघांत करता येण्यासारखी एकच गोष्ट येत होती.

ते तडक दारापाशी गेले. तिथे फळ्यावर 'म्हस्के – गावंडे विवाह' असं रंगीत खडूने लिहिलेलं होतं. खाली अर्धा फळा रिकामा होता. महिपतरावांनी ओलं फडकं फिरवलं, हिरवा खडू मागून घेतला आणि आयुष्यात कधी काढलं नव्हतं इतकं घोटीव अक्षर काढलं :

'आजचा दिनविशेष : १२ मे १९७४. वधूचे आईवडील सौ. दुर्गाबाई व श्री. महिपतराव यांचा शुभविवाह. जगाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना.'

दोन पावलं मागे जाऊन त्यांनी ते वाचलं. डोळे पुन्हा भरले. मग ते अभिमानाने जेवणाच्या हॉलच्या दाराशी, लोकांच्या कौतुकाची वाट बघत उभे राहिले.

लोकांनी वाचलं. जेवायला जाणाऱ्या प्रत्येकाला तो फळा ओलांडूनच जावं लागत होतं. पहिले म्हस्क्यांचे एक वयस्कर चुलते थांबले. त्यांनी वाचलं, फेटा मागे सरकवला आणि बोटाच्या पेरांवर अंगठा फिरवायला लागले. मग त्यांनी शेजारच्याला कोपराने ढोसलं. सॉफ्टवेअरची पोरं थांबली. त्यांना बोटं लागली नाहीत, त्यांची वजाबाकी तोंडी झाली. अकोल्याच्या बायका तोंडाला पदर लावून आत गेल्या. बघता बघता पंगतीत एक कुजबुज पसरली, आणि वाढपी जिलबी घेऊन उभे असताना पन्नास-साठ माणसं पानावर हात न घालता बोटं मोजत बसली.

शेवटी आप्पासाहेब आले. त्यांनी फळा दोनदा वाचला आणि महिपतरावांना बाजूला घेतलं.

"व्याही," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "सूनबाईंची तारीख सा जून चौऱ्याहत्तरच न्हवं? तीनशे वर्सांची?"

"तीच! बरोबर तीनशे!" महिपतराव आनंदाने म्हणाले. "तुमच्या लक्षात आहे!"

"समद्यांच्याच ध्यानात हाय," आप्पासाहेब म्हणाले. "तिथंच तर घोळ झालाय."

महिपतरावांनी फळ्याकडे पाहिलं. बारा मे चौऱ्याहत्तर. सहा जून चौऱ्याहत्तर. ते खडू घेऊन धावले, पण फळ्यासमोर एवढी गर्दी जमली होती, की वधूच्या बापालाच कोणी पुढे जाऊ देईना. टाचा उंचावून त्यांनी आत पाहिलं, तर दुर्गाबाई पंतांच्या टेबलापाशी उभं राहून त्यांना काहीतरी सांगत होत्या. पंत नेहमीप्रमाणे रजिस्टरमधून मान न काढता ऐकत होते. मग त्यांनी माइक पुढे ओढला, दोनदा टिचकी मारली, आणि सभागृहात, पंगतीत, जिन्यात आणि बाहेर शनिवार पेठेतल्या रस्त्यावर स्वच्छ शुद्ध मराठीत सूचना ऐकू आली :

"दोन्ही पक्षांच्या मंडळींनी लक्ष द्यावे. बाहेरच्या फळ्यावरील साल वधूपित्याने चुकवलेले आहे. सदर विवाह चौऱ्याहत्तर नव्हे, त्र्याहत्तर साली झाला असून, वधूचा जन्म त्यानंतर सुमारे तेरा महिन्यांनी रीतसर झालेला आहे. सबब बोटे मोजणे थांबवून जिलबी घ्यावी. पुढची पंगत खोळंबली आहे."